बुचांचं ट्रायव्हेट, शक्यतो गोंदाशिवाय: कामाच्या नोंदी

२ मार्च

बाटल्यांची डबाभर बुचं जमलीयेत, त्यांची गरम भांड्याखाली ठेवायची चकती, म्हणजे ट्रायव्हेट, करायची असं खूप दिवस डोक्यात होतं. आता मुहूर्त लागला. असे प्रोजेक्ट करून दाखवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत आणि जवळपास प्रत्येकात ग्लू गन आहे, आणि मला नेमकं तेच खटकतंय. म्हणजे जी कांडी गरम करून वितळवली तिनंच चिकटवलेली वस्तू पुन्हा गरम पातेल्याखाली ठेवायची, मग ती सुटणार नाही तर काय होणार? फोटो काढेपर्यंत टिकते, एवढंच.

तर या प्रोजेक्टमधे माझा खरा प्रश्न बुचाचा नाहीच. बूच उष्णतेला व्यवस्थित पुरून उरतं. प्रश्न आहे बुचं एकमेकांना धरून ठेवायची कशानं. गोंद लावायचाच झाला तर कुठला आणि कुठे, आणि न लावता जमलं तर सगळ्यात भारी. नोंदी ठेवतेय म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून डोकं खाजवायला नको.

४ मार्च

आज फक्त निवडानिवड. डबा उलटा केला आणि ढीग लावले.

पहिला ढीग अखंड नैसर्गिक बुचांचा, म्हणजे झाडाच्या सालीतून एका तुकड्यात काढलेली. अंगावर बारीक काळपट भेगा-ठिपके असतात आणि कुठलीही दोन सारखी नसतात. दुसरा ढीग भुशाच्या बुचांचा, दाणे दाबून चिकटवलेली, काहींच्या दोन्ही टोकांना अखंड बुचाची पातळ चकती लावलेली. ही पण चालतात, फक्त त्यात आधीच कुणीतरी बाइंडर (दाणे धरून ठेवणारं चिकट द्रव्य) घातलाय हे लक्षात ठेवायचं. तिसरा ढीग प्लास्टिकच्या बुचांचा, आणि ही नीट बघून बाजूला काढायची कारण लांबून अगदी बुचासारखी रंगवलेली असतात. शंका आली तर गरम सुई टोचायची: प्लास्टिक असेल तर सुई लोण्यात गेल्यासारखी आत जाते आणि कडेला वितळलेली चकाकी राहते, खरं बूच नुसतं काळं पडतं. असलं प्लास्टिकचं एक जरी चकतीत गेलं तर पहिल्याच कढईला चिकटणार.

छत्रीसारख्या डोक्याची बुचं (फसफसणाऱ्या बाटल्यांची) पण बाजूला. ती मुळात ३१ मिमी जाड असतात आणि बाटलीत दाबली गेल्यानं खालून बारीक आणि वरून फुगीर झालेली असतात, ओळीत बसत नाहीत. नेहमीचं बूच नवं असताना २४ मिमी व्यासाचं आणि साधारण ४५ मिमी लांब. वापरलेली व्हर्नियरनं मोजली तर २२ पासून साडेतेवीसपर्यंत काहीही निघतंय, कारण बाटलीच्या गळ्यात साडेअठरा मिमीच्या भोकात ती वर्षानुवर्षं दाबून बसलेली होती. तेवढं दाबूनही इतकी परत फुगली हेच कौतुक म्हणायचं.

५ मार्च

निवडलेल्यातलं एक बूच आडवं कापून टोकाकडून भिंगाखाली बघितलं आणि मग तासभर तिथंच गेला.

कापलेल्या गोलावर एका बाजूकडून दुसरीकडे जाणाऱ्या हलक्या कमानी दिसतात, एक फिकट पट्टा, मग बारीक गडद रेघ, पुन्हा फिकट. त्या वर्षांच्या रेघा. म्हणजे खोडाच्या वर्तुळाचा एक छोटासा तुकडा आपल्या हातात आहे, आणि कमान ज्या बाजूला वाकलीय त्यावरून झाडाचा मधला भाग कुठल्या दिशेला होता तेही सांगता येतं. आणि या कमानींना आडव्या छेदून जाणाऱ्या तपकिरी, भुसभुशीत रेघा आहेत, त्या झाडाच्या श्वासाच्या नळ्या. त्या खोडाच्या आतून बाहेर जातात, म्हणून बूच सालीतून उभं, खोडाला समांतर असं पाडतात, म्हणजे नळ्या बुचाच्या आरपार लांबीत न जाता रुंदीत जातात आणि बाटली गळत नाही. आपल्या कामात याचा उपयोग असा की कापताना जिथे कडा भुगा होऊन सुटते ती जागा बहुतेक वेळा अशा नळीचीच असते, तो तुकडा चकतीच्या बाहेरच्या रांगेत लावायचा नाही.

रेघा नऊच्या आतच मोजता येतात. कारण साल दर नऊ वर्षांनी काढतात (पोर्तुगालमधे कायद्यानंच किमान नऊ वर्षं थांबावं लागतं), आणि बूच पाडताना बाहेरची खरबरीत पाठ आणि आतला भाग निघून जातो. झाड ओकच्या जातीचं, पाडत नाहीत, फक्त साल सोलतात आणि खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी कोणाची पाळी आलीय ते कळतं. पहिली साल झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर, ती बुचाच्या कामाची नसते, दुसरीही नसते. तिसऱ्या वेळेपासून बाटलीची बुचं. म्हणजे लावल्यापासून चाळीसेक वर्षं थांबा. ही असली वस्तू एकदा बाटली उघडली की कचऱ्यात जाते, बघा.

पेशी मात्र भिंगातून दिसत नाहीत, त्याला मायक्रोस्कोप लागतो. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाचा पातळ काप बघूनच 'सेल' हा शब्द वापरला होता, आणि गड्यानं हिशोब पण मांडला होता, एका इंचात १०८० कप्पे, म्हणजे एका घनइंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. प्रत्येक कप्प्यात हवा कोंडलेली आणि भिंती सुबेरिन नावाच्या मेणचट द्रव्याच्या, त्यातून पाणी जात नाही. उष्णता अडते ती या कोंडलेल्या हवेमुळे. हवा फिरूच शकत नाही ना.

८ मार्च

निवडलेली बुचं उकळली. मोठ्या पातेल्यात पाणी उकळवून त्यात सोडायची, वर जाळी ठेवून दाबून ठेवायची कारण सगळी तरंगतात, आणि अर्धा-पाऊण तास मंद उकळी. दोन फायदे. एक म्हणजे डाग आणि वास निघतो (पूर्ण निघत नाही, जांभळा डाग राहतोच, राहू दे). दुसरा जास्त महत्त्वाचा, दाबलेली बुचं गरम पाण्यात पुन्हा फुगतात आणि व्यास एकमेकांच्या जवळ येतात. आज बाहेर काढून मोजली तर बरीचशी साडेतेवीस-चोवीसच्या घरात आली. कारखान्यातही साल झाडावरून काढल्यावर उकळतातच, ती सपाट आणि मऊ व्हायला.

पाणी चहासारखं तपकिरी झालंय. पांढऱ्या फडक्यावर वाळत घालू नका, डाग पडतात, रद्दीवर घाला.

कापायचं असेल ते कोमट ओलसर असतानाच कापावं, वाळल्यावर तुकडे पडतात. पण मी आज कापलं नाही कारण अजून डिझाइनच ठरलेलं नाही.

९ मार्च

गोंदाची परीक्षा. प्रत्येक प्रकारानं दोन-दोन बुचं अंगाला अंग लावून चिकटवून ठेवली होती, ती आज रांगेत उभी केली, वर स्टीलचं पातेलं, त्यात उकळतं पाणी. चिमट्यानं जोड्या ओढून बघायच्या.

ग्लू गन: अपेक्षेप्रमाणे पहिल्याच फेरीत बाद. सुटून पडली असं नाही, पण ओढलं की जोड सरकत होता आणि मधे दोऱ्यासारखे तार ओढले जात होते. पातेल्याच्या बुडालाही एक पांढरट ठिपका लागला.

पांढरा फेव्हिकॉल टाइप गोंद: कोरडा असेपर्यंत धरून होता, पण गरम असताना रबरी झाला. थंड झाल्यावर परत कडक. त्याच जोडीला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर सकाळपर्यंत दुधाळ होऊन सुटली. पाण्याला टिकणारा सुतारी गोंद मिळतो तो ओलाव्याला बरा आहे पण गरम झाला की तोही मऊ पडतो, कारण मुळात जात तीच.

इपॉक्सी, पाच मिनिटांवाली: थंड असताना दगड. गरम असताना नखानं दाबली तर खूण उमटते. ही झटपट वाळणारी इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढे ढिली पडायला लागते, हे तिच्या पाकिटावर ठळक कोणी लिहीत नाही.

पॉलीयुरेथेनवाला फुगणारा गोंद: धरण्यात सगळ्यात चांगला. पण फेस बाहेर येतो, तो कापून काढावा लागतो, आणि हाताला लागला की आठवडाभर तुम्ही ओळखू येता.

यातून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. कुठला गोंद हा अर्धाच प्रश्न आहे, तो बसलाय कुठे हा दुसरा अर्धा. बुचं उभी लावून अंगाला अंग चिकटवली तर गोंदाची रेघ थेट वरच्या तोंडापर्यंत येते, म्हणजे गोंदच पातेल्याला टेकतो. याउलट बुचाच्या दोन पातळ शीट एकावर एक चिकटवल्या तर गोंद मधे, बुचाच्या आड लपलेला राहतो. वरचं तोंड ९५ अंश आणि टेबल ३५ अंश धरलं तर बरोबर मधे ६५ अंश, जास्त नाही. तीस अंशांचा फरक फुकट मिळतो. मऊ पडला तरी शीट सपाट असल्यानं सरकणार कुठे.

११ मार्च

दादाला फोनवर हे सगळं रडगाणं ऐकवलं. तो म्हणाला, "अगं पण चिकटवतेस कशाला? पाइपवर लावतात ती स्क्रूवाली क्लिप आवळ की बाहेरून. रेडिएटरच्या नळीला लावतात ना, तीच."

होज क्लिप! फारच सोपं. ही क्लिप म्हणजे स्टीलची पट्टी, तिच्यावर तिरप्या खाचा, आणि एक स्क्रू जो त्या खाचांत अडकून पट्टी ओढून घेतो. १९२१ मधे लमली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या माणसानं याचं पेटंट घेतलं होतं, आणि शंभर वर्षांत त्यात सुधारायला फारसं काही उरलेलं नाही. हवी तेवढ्या मापाची मिळाली नाही तर दोन क्लिपा पूर्ण उघडून एकीचं शेपूट दुसरीच्या स्क्रूत घालून जोडता येतात. स्टेनलेसची घ्यायची, नाहीतर ओल्या पातेल्यानं गंज आणि टेबलावर तांबडा गोल.

आणि बुचाचा एक गुण इथे एकदम कामाला येतो. रबर बाजूनं दाबलं की वर-खाली फुगतं, बूच फुगत नाही, म्हणजे जवळपास नाहीच. म्हणून तर ते बाटलीत ठोकता येतं, रबराचं ठोकायला गेलात तर खाली दाबलं की अंगानं जाड होऊन अडकेल. तर बाहेरून कितीही आवळा, बुचांची तोंडं वर उचकटून येणार नाहीत, चकती सपाटच राहील. वर बूच परत फुगायला बघत असतं म्हणजे तेच आतून क्लिपला ताणून धरतं. गोंदाचं काम बूच स्वतःच करतंय.

१२ मार्च

रचना. टेबलावर बुचं मांडून खेळत बसले, सगळे माझ्याकडे बघून हसले, ठीक आहे.

मधे एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा. एकूण १९. सहज मांडलं तर षटकोन होतो आणि तो दिसायला छान, पण क्लिप असते गोल. षटकोनाभोवती गोल पट्टी आवळली तर ती फक्त सहा कोपऱ्यांतल्या बुचांना टेकते, आणि बाजूंच्या मधल्या सहा बुचांना सहा मिमीच्या वर फट राहते. म्हणजे आवळण्याचा सगळा जोर सहा बुचांवर आणि बाकीची मोकळी हलताहेत. चकती उचलली की मधली खाली.

उपाय असा. आतली सात तशीच राहू द्यायची आणि बाहेरची बारा षटकोनात न लावता गोलात लावायची, अशी की आतल्या प्रत्येक बुचासमोर बाहेरची दोन यावीत, त्याच्या डाव्या-उजव्या खांद्यावर एकेक. कागदावर भूमिती करून बघितली तर ही मांडणी इतकी चोख बसते की विश्वास बसेना: बाहेरची बाराही एकमेकांना टेकतात, बाराही पट्टीला टेकतात, आणि आतल्या प्रत्येकाला दोन-दोन टेकतात. कुठेही लोंबकळणारं बूच नाही. वर षटकोनाला १२० मिमीचा गोल लागतो, याला ११७ पुरतो. शाळेत वर्तुळं शिकवताना हे का नाही दाखवत कोण जाणे.

मोठ्या चकतीसाठी आणखी १८ ची रांग, एकूण ३७. अठरा बुचं गोलात टेकवून लावली तर बाहेरचा व्यास १६२ येतो. इथे हिशोब तेवढा चोख नाही, आतल्या बारा आणि बाहेरच्या अठराचं काही ठिकाणी मिलिमीटरपेक्षा कमी भांडण होतं. पण ही बुचं आहेत, लोखंडाची कांबी नाहीत. दबतील.

१५ मार्च

कापणी. पूर्ण ४५ मिमी उंचीची चकती टेबलावर स्टुलासारखी दिसते, शिवाय वर पातेलं म्हणजे डुगडुगण्याची भीती. म्हणून प्रत्येक बूच मधे कापून २२ मिमीचे दोन. दुसरा फायदा, १९ तुकड्यांना दहाच बुचं लागतात आणि ३७ ला एकोणीस.

हातात धरून कापायचं नाही, एक तर बोट जाईल आणि नाही गेलं तरी काप तिरका येणार. लाकडाच्या फळीत व्ही आकाराची खाच पाडली, टोकाला २२ मिमीवर एक ठोकळा अडसर म्हणून चिकटवला (इथे गोंद लावला, इथे चालतो), आणि खाचेला आडवा एक करवतीचा काप. बूच खाचेत आडवं ठेवायचं, अडसराला टेकवायचं, आणि बारीक दातांच्या हॅकसॉनं सावकाश. सुरीनं पण बघितलं, धारदार असेल तर काप आरशासारखा येतो, पण बूच धार खातं, काही तुकड्यांनंतर सुरी कापायच्या ऐवजी दाबायला लागते आणि कड फुटते. हॅकसॉची कड थोडी खरबरीत येते पण सगळी सारखी येते आणि पुढे घासायचंच आहे.

काल रात्री पुन्हा कोमट पाण्यात टाकून ओलसर केली होती, त्यानं भुगा खूपच कमी झाला. आता दोन दिवस सुकू देणार. ओली आवळायची नाहीत, सुकल्यावर आकसतात आणि क्लिप ढिली.

१८ मार्च

आज १९ ची आवळली.

सपाट काचेवर मांडणी केली, क्लिप सैल करून भोवती घातली. पट्टी १२ मिमी रुंद आहे आणि तुकडे २२, म्हणून पट्टीखाली पाच मिमी जाडीच्या प्लायच्या चिंध्या सरकवल्या, म्हणजे ती बरोबर मध्यावर बसते, ना वर पातेल्याला लागत ना खाली टेबलाला ओरखडा. मग स्क्रू. अर्धा फेरा, बुचं नीट करा, अर्धा फेरा, पुन्हा बघा. सुरुवातीला बाहेरची बुचं स्क्रूच्या बाजूला सरकायला बघतात कारण पट्टी तिकडे ओढली जाते, त्यांना बोटानं मागे ढकलायचं आणि लाकडी ठोकळ्यानं वरून हलके ठोके. एका टप्प्यावर अचानक सगळं घट्ट होतं. त्याआधी बुचांमधल्या तिकोनी फटी वेगवेगळ्या दिसत होत्या, त्यानंतर पुढचा अर्धा फेरा मारला आणि टेकण्याच्या जागी प्रत्येक बुचावर बारीकशी चपटी पट्टी उमटली, गोलाचा गोलपणा तेवढ्यापुरता गेला. तिथे थांबायचं. त्यापुढे आवळलं तर ताकद वाढत नाही, मधलं एखादं बूच चुरगळायला लागतं.

उचलून हलवली. एकही हलत नाही. मधल्या बुचावर अंगठ्यानं जोरात दाबून बघितलं तरी बसलेलं.

स्क्रू बाहेर येतो तो दिसायला ओबडधोबड आहे. काहींना तो आवडतो, मला नाही, पण त्यावर बुचाचा खाच पाडलेला तुकडा टोपीसारखा बसवता येतो, नंतर बघू. भरतकामाची लाकडी रिंग पण डोक्यात आहे, तिलाही स्क्रू असतोच आणि दिसायला कितीतरी छान, फक्त बाहेरची रिंग घ्यायची. पण त्या रिंगचं लाकूड पातळ असतं, ३७ बुचांचा जोर कितपत घेईल ते बघावं लागेल.

२० मार्च

दोन दिवसांनी क्लिप किंचित ढिली वाटली. हे होणारच होतं, बूच सतत दाबून ठेवलं की सुरुवातीला ते थोडं सैलावतं. पाव फेरा अजून. आता पुढे फारसं हलू नये.

मग घासकाम. ८० नंबरचा सँडपेपर सपाट काचेला टेपनं चिकटवला आणि चकती त्यावर पालथी घालून आठच्या आकारात फिरवली. पेपर हातात धरून चकतीवर घासलात तर कडा जास्त झिजतात आणि मधे फुगवटा राहतो, मग पातेलं गरगर फिरतं. दोन्ही बाजू सपाट झाल्यावर १२०, मग २२०. भुगा पिठासारखा बारीक आणि नाकात जाणारा, मास्क लावाच. घासल्यावर सगळ्या तोंडांवरच्या वर्षांच्या कमानी एकदम उजळून आल्या, प्रत्येकाची दिशा वेगळी. हे मांडताना ठरवून एका दिशेला लावता आलं असतं, पण असंच बरं दिसतंय.

२१ मार्च

फिनिशिंगवर घरात चर्चासत्र झालं. "पॉलिश मार ना गं जरा, चकचकीत दिसेल," इति आई.

नाही मारणार. वार्निश गरम पातेल्याखाली मऊ होतं आणि बुडाला चिकटून पापुद्रा निघतो. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांनाच वितळतं म्हणजे पहिल्याच वापरात ते पातेल्याच्या बुडाला आणि तिथून कपड्यांना. जवसाचं तेल चालेल एक वेळ, पण ते वाळायला फार वेळ घेतं आणि तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात, हे गंमत म्हणून सांगत नाहीये, ती पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून टाकायची. आणि मुळात गरज काय? बुचाला पाणी शिरू न देणारं द्रव्य झाडानंच घालून दिलंय. कोरी ठेवायची.

२३ मार्च

उष्णतेचा हिशोब. बुचाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ०.०४ च्या आसपास (वॅट प्रति मीटर प्रति अंश). लाकडाची ०.१५ धरा, काचेची १, स्टेनलेसची १५. १५ सेंमी बुडाचं पातेलं आणि वर-खाली ६० अंशांचा फरक असेल तर:

४ मिमी शीटमधून साधारण साडेदहा वॅट खाली जातात. १० मिमीतून सव्वाचार. आपल्या २२ मिमीतून दोनच्याही आत. १० मिमी लाकडी पाटातून सोळा.

दोन वॅट म्हणजे किती ते असं बघा, पातेल्यात दोन लिटर पाणी असेल तर या वाटेनं ते एक अंश थंड व्हायला तासाहून जास्त लागेल. पातेलं निवतं ते वरून आणि अंगानं, खालून नाही.

प्रत्यक्षात फटींमधून थोडी गरम हवा आणि वाफ खाली जाते, त्यामुळे हा आकडा थोडा जास्त असणार. उकळत्या पाण्याचं पातेलं अर्धा तास ठेवून मग उचललं आणि खाली हात लावला तर टेबल कोमट, बस. शेजारी तुलनेला ४ मिमीची शीट ठेवली होती तिच्याखाली हात ठेवला तर बऱ्यापैकी गरम लागत होतं. पॉलिशच्या टेबलावर पांढरे डाग पडतात ते उष्णता आणि ओलावा दोन्ही मिळून, म्हणून पातेल्याचं बूड पुसून ठेवायची सवय लावावी, ट्रायव्हेट कितीही जाड असो.

मर्यादा पण लिहून ठेवते. उकळतं पाणी १०० अंश, त्याचं बुचाला काहीच नाही. पण कोरडा तापलेला तवा किंवा ओव्हनमधून थेट काढलेला ट्रे दोनशेच्या पुढे असू शकतो, तिथे बूच काळं पडायला लागतं आणि जळकट वास येतो. तसलं काही असेल तर आधी मिनिट-दोन मिनिटं बर्नरच्या जाळीवर निवू द्यायचं. आणि पेटत्या शेगडीच्या जवळ ही चकती ठेवायचीच नाही, बूच आहे, पेटतं.

२९ मार्च

शीटची पण एक करून बघितली, कारण सगळ्यांकडे बुचांचा डबा नसतो. भुशाची दाबलेली शीट, ४ मिमी, डब्याच्या झाकणाभोवती पेन्सिलनं गोल काढून कटरनं कापली. नवं पातं, आणि एका दमात कापायचा हट्ट नाही, हलक्या हातानं पुन्हा पुन्हा फिरवत जायचं, नाहीतर दाणे उपटून येतात. असे तीन गोल एकावर एक, मधे पाण्याला टिकणारा सुतारी गोंद कडेपासून आत पातळ थरात, वर पुस्तकांचं वजन रात्रभर. सगळ्यात वरचा गोंद ४ मिमी बुचाच्या आड आहे, तिथे पंचाहत्तरच्या आसपास जाईल, सपाट थर असल्यानं चालतंय. दिसायला साधी, करायला एका संध्याकाळचं काम, आणि खरं सांगायचं तर रोज हाताशी हीच घेतली जाते कारण हलकी आहे.

काळं बूच म्हणून इन्सुलेशनचे ठोकळे मिळतात त्यातला एक तुकडा हाती लागला. ते बनवताना दाण्यांवर ३०० अंशांच्या पुढची वाफ सोडतात, दाणे फुगतात आणि त्यांच्यातलंच चिकट द्रव्य बाहेर येऊन एकमेकांना धरतं, वरून काही घालत नाहीत. म्हणजे गोंदाशिवायचा माझा हट्ट कारखान्यात आधीच कोणीतरी पुरवून ठेवलाय. पण धुरकट वास येतो आणि हात लावला की काळे दाणे गळतात, जेवणाच्या टेबलावर नको. कुंडीखाली ठेवला.

६ एप्रिल

३७ ची आवळली. दोन क्लिपा जोडून, स्क्रू समोरासमोर, आणि दोन्ही आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा, हे महत्त्वाचं आहे, एकच स्क्रू आवळत गेलात तर गोल अंडाकृती होतो. आतली १९ आधी सुतळीनं बांधून घेतली, भोवती अठरा लावली, क्लिप हातानं घट्ट झाली की सुतळी कापून ओढून काढली. ते मिलिमीटरचं भांडण मिटलं, टेकण्याच्या जागा थोड्या जास्त चपट्या झाल्या एवढंच. बाहेरचा व्यास १६१ आला.

सगळ्यात मोठं पातेलं (जे घरात कोणी धुवायला तयार नसतं ते) व्यवस्थित बसतं.

१९ एप्रिल

वापरातल्या नोंदी. दोन्ही क्लिपवाल्या चकत्या घट्ट आहेत, मोठीला एकदा पाव-पाव फेरा द्यावा लागला. धुताना नळाखाली धरून ब्रशनं घासायचं आणि उभी करून वाळवायची, भिजत टाकायची नाही, डिशवॉशरमधे तर नाहीच. फटींमधे सांडलेलं अडकतं, त्याला जुना टूथब्रश. एका बुचाची कड नळीच्या रेघेवरून फुटली, क्लिप सैल करून तेवढं एक काढलं, त्याच मापाचं दुसरं घातलं आणि पुन्हा आवळलं. चिकटवलेली असती तर अख्खी चकती गेली असती.

स्क्रूवर बुचाची टोपी बसवली, आत खाच पाडून नुसती दाबून. आईला अजूनही पॉलिश हवंय. भरतकामाची रिंग मागवलीय, आली की १९ ची एक तिच्यात करून बघते, तोवर उरलेली बुचं पुन्हा उकळून ठेवलीयेत.